लढाईवरून परतलेल्या माणसाचं दुःख चित्रात कसं आणायचं?

निफाड तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. १९९९ साली ते कारगिलला होते आणि त्यांचे काही सोबती तिथून परत आले नाहीत. कला महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाच्या कामासाठी तिने वडिलांचं मोठं तैलचित्र केलं : गणवेश, छातीवर पदकं, डोळ्यांत पाणी, मागे मावळता सूर्य आणि तिरंगा. वडिलांनी ते पाहिलं, "छान आहे" म्हणाले आणि उठून मळ्यात निघून गेले. त्यातच गावच्या माजी सैनिकांनी शाळेच्या आवारात स्मारक बांधायचं ठरवलं आहे आणि आराखडा तिच्याकडे मागितला आहे. ती विचारते, "माजी सैनिकांचं दुःख चित्रात किंवा शिल्पात खरं कसं उतरेल? मी कुठे कमी पडले?"

तुमच्या चित्राचा फोटो पाहिला. गणवेशाच्या घड्या, बोटांचे सांधे, रापलेल्या कातडीवरचा उजेड, सगळं मन लावून केलेलं आहे. हातात तुम्ही कमी पडलेल्या नाहीत. पण मावळता सूर्य, फडकता तिरंगा, खालून वर बघितल्यासारखा चेहरा ही मांडणी आपल्याकडे गेलेल्या जवानासाठी वापरतात. चौकातल्या फ्लेक्सवर, 'अमर रहे'च्या फलकावर, पुण्यस्मरणाच्या जाहिरातीत डोळ्यांना हीच सवय झालेली आहे. माझा अंदाज असा, की तुमच्या वडिलांना त्या कॅनव्हासवर स्वतःचीच श्रद्धांजली दिसली. आणि ज्यांना अशा चित्रात पाहत त्यांनी इतकी वर्षं काढली, ते सोबती मात्र तिथे कुठेच नव्हते.

म्हणून प्रश्न जरा वेगळा मांडू या. स्मरण गेलेल्यांचं असतं आणि दुःख मागे राहिलेल्याचं. तुमच्या चित्रात या दोन्ही गोष्टी एकाच माणसावर लादल्या गेल्या. डोळ्यांत पाणी काढलं की बघणाऱ्याला एवढंच कळतं की हा माणूस दुःखी आहे. ते कुणासाठी, याचा पत्ताच लागत नाही. माझ्या कामातून मी ज्या निष्कर्षाला आलो आहे तो असा : परतलेल्या सैनिकाची भावना काढायला जाऊ नका, त्याने गेलेल्या सोबत्यासाठी काय केलं ते काढा. का, ते पुढे सविस्तर सांगतो.

आधी, कुठल्या गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत ते सांगायला हवं. घरात लावायचं चित्र, परीक्षकांसमोर ठेवायचं काम आणि गावातलं स्मारक या तिघांना एकच उत्तर चालत नाही. गेलेल्यांचे आईवडील, पत्नी अजून गावात असतील तर स्मारकावर पहिला हक्क त्यांचा, तुमच्या कलेचा नंतर. पिढीनेही फरक पडतो. १९६५ आणि १९७१ साली बहुतेक घरांत तार आली आणि मागाहून सामान आलं. कारगिलपासून तिरंग्यात गुंडाळलेली शवपेटी गावापर्यंत येऊ लागली, अख्खा तालुका अंत्ययात्रेला लोटू लागला. पहिल्या पिढीतल्या बाईने शेवटचं तोंडच पाहिलेलं नाही. तिच्यासमोर पडलेल्या जवानाची आकृती ठेवणं आणि कारगिलच्या वीरपत्नीसमोर ठेवणं यात फार अंतर आहे. शिवाय माजी सैनिक म्हणजे एकच मन नव्हे. एकाला पराक्रम दिसायला हवा असतो, दुसऱ्याला नुसती शांत जागा पुरते, तिसऱ्याला यातलं काहीच नको असतं. तुमच्या वडिलांना कोणत्या गटात घालायचं हे मी इथे बसून सांगू शकत नाही.

आता आपल्या परंपरेकडे बघू, कारण तुमची अडचण तिथूनच सुरू होते. आपल्या जिल्ह्यात मारुतीच्या देवळाशेजारी, वेशीजवळ, बारवेच्या काठाला वीरगळ, म्हणजे लढताना गेलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड, उभे असतात. शेंदूर फासून पुष्कळांचा देव झालेला असतो, त्यामुळे ते बघायचे राहून जातात. एकदा वेळ काढून नीट बघा. खालच्या चौकटीत पडलेला वीर, कधी शेजारी त्याने राखलेल्या गाई. त्यावर झुंज. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन जाताहेत. सगळ्यात वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला आणि माथ्यावर चंद्रसूर्य. खालून वर वाचत जायची ही कथा आहे आणि ती मागे राहिलेल्यांना सांगते की तो पोचला, त्याची काळजी करू नका. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर नावही कोरलेलं नाही. नाव गावाच्या तोंडी होतं, ते गेलं आणि आकृती उरली.

दुसरी आपली पद्धत टाकांची. नाशिकमध्ये धुळवडीला वीर निघतात हे तुम्ही पाहिलंच असेल. देवघरातला वीराचा टाक घेऊन माणसं वाजतगाजत गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या रामकुंडावर जातात, त्याला स्नान घालतात आणि परत आणून जागेवर ठेवतात. त्या मिरवणुकीतला दाजीबा वीर सगळ्यांना माहीत आहे, पण माझं लक्ष नेहमी त्या घरगुती टाकांकडे जातं. चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेली बोटभर आकृती, वर्षानुवर्षं घासून नाकडोळे गुळगुळीत झालेले. त्यात चेहऱ्याचं साम्य काही नसतं, तरी घरातलं प्रत्येक जण त्याला ओळखतं. तो तळहातावर मावतो, धुता येतो, बाहेर नेऊन परत आणता येतो. शोकाला हाताशी काहीतरी काम लागतं, हे आपल्या लोकांना कलामहाविद्यालयं निघायच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

पण या दोन्ही प्रकारांत जो जिवंत परत आला त्याला जागा नाही. वीरगळाच्या चौकटींत तो शोधून सापडत नाही. बहुधा दगड आणून उभा करणाऱ्यांत तोच असेल, तरी कोरलेला नाही. म्हणून परतलेल्या माणसाचं चित्र काढायला बसलं की आपल्यापाशी तयार आकार नसतो आणि हात आपोआप श्रद्धांजलीच्या फलकाकडे वळतो. तुमचंही तेच झालं आहे.

युरोपात पहिल्या महायुद्धानंतर हा आकार शोधायची वेळ चित्रकारांवर आली, कारण परतलेल्यांची संख्याच प्रचंड होती आणि चित्रकारांपैकी अनेक जण स्वतः खंदकातून आले होते. जर्मनीचा ओटो डिक्स मशीनगन चालवणारा सैनिक होता. त्याच्या १९२० सालच्या एका चित्रात हातपाय गेलेला आंधळा माजी सैनिक फुटपाथवर काड्यापेट्या विकतोय. येणाऱ्याजाणाऱ्यांचे नुसते पळते पाय दिसतात आणि एक कुत्रा त्याच्यावरच पाय वर करतो. १९२४ साली त्याने ५० एचिंगचा, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेल्या चित्रांचा, संच काढला, तो आजही सलग बघवत नाही. डिक्सचा मार्ग आरोपाचा आहे. गावातल्या स्मारकाला तो चालणार नाही, पण परीक्षेच्या कामासाठी अभ्यासायला हवा, कारण त्याने परतलेल्या माणसाला एकट्याला न दाखवता त्याच्याकडे पाठ फिरवणाऱ्या समाजासकट दाखवलं.

अमेरिकी चित्रकार जॉन सिंगर सार्जंटचं 'गॅस्ड' हे १९१९ सालचं चित्र सहा मीटरहून जास्त रुंद आहे. विषारी वायूने डोळे भाजलेल्या सैनिकांची रांग चालली आहे, डोळ्यांवर पट्ट्या, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. पायांशी इतर जखमी पसरलेले. खूप मागे, रांगेच्या पायांमधून, काही सैनिक फुटबॉल खेळताना दिसतात. या चित्रात रडणारा चेहरा नाही, डोळेच झाकलेले आहेत. सगळा अर्थ खांद्यावर ठेवलेल्या त्या हातात आहे.

तुम्ही तोफखान्यातल्या माणसाची मुलगी आहात म्हणून एका स्मारकावर जरा जास्त थांबतो. लंडनच्या हाइड पार्क कॉर्नरला ब्रिटिश तोफखान्याचं स्मारक आहे, १९२५ साली उघडलेलं. शिल्पकार चार्ल्स सार्जंट जॅगर स्वतः पायदळात लढला होता, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला जखमी झाला होता. वर दगडात कोरलेली प्रचंड ९.२ इंची हॉवित्झर तोफ. आपल्या नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रातून निघालेल्या कुणालाही ते लगेच पटेल, कारण तोफखान्यात तोफ हेच निशाण, तिलाच मान. खाली चार बाजूंना चार ब्राँझच्या आकृत्या : एक अधिकारी, एक तोफगोळे वाहणारा, हात पसरून कठड्याला टेकलेला एक ड्रायव्हर, आणि चौथा मेलेला. तो आडवा आहे, अंगावर ओव्हरकोट पांघरलेला, त्यावर त्याचंच हेल्मेट ठेवलेलं. चेहरा दिसत नाही. स्मारकावर मेलेला माणूस उघड दाखवणं तेव्हा पुष्कळांना खटकलं होतं. तोफखान्याचे ४९,०७६ लोक त्या युद्धात गेले, आणि त्या एका झाकलेल्या चेहऱ्याच्या जागी प्रत्येक घर आपला माणूस पाहू शकलं.

मला त्या आकृतीत आणखी एक गोष्ट फार मोलाची वाटते. ओव्हरकोट अंगावर आपोआप येत नाही. कुणीतरी तो पांघरला, कुणीतरी हेल्मेट उचलून वर ठेवलं. तो कुणीतरी म्हणजे वाचलेला सोबती. तो शिल्पात नाही, पण त्याने केलेलं काम आहे, आणि त्याचं दुःख मला एखाद्या हुंदक्यापेक्षा त्या कामात जास्त स्पष्ट दिसतं. उलटी रोवलेली रायफल आणि तिच्यावर हेल्मेट ही खूण आपल्याकडेही आहे. १९७२ च्या जानेवारीत इंडिया गेटखाली अमर जवान ज्योत उभी राहिली तेव्हा तीच निवडली गेली. तिचा इतका वापर झाला आहे की आता ती नुसतं चिन्ह म्हणून दिसते. पण मुळात तीसुद्धा एका सोबत्याने दुसऱ्यासाठी रणात घाईघाईने केलेली गोष्ट आहे. तुम्ही ती वापरणार असाल तर तो करणारा हात मनात ठेवून वापरा.

जर्मन चित्रकार-शिल्पकार केथे कोलविट्झचं उदाहरण सैनिकाचं नाही, आईचं आहे, तरी ते सोडून पुढे जाता येत नाही. तिचा धाकटा मुलगा पीटर ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियममध्ये पडला, अठरा वर्षांचा. तिने त्याच्यासाठी स्मारक करायला घेतलं आणि ते १९३२ साली उभं राहिलं. सुरुवातीच्या आराखड्यात मुलगा आडवा होता आणि आईवडील त्याच्यापाशी. शेवटी मुलगा काढून टाकला गेला. उरल्या गुडघ्यांवर बसलेल्या दोन वेगळ्या आकृत्या, तिच्या आणि नवऱ्याच्या चेहऱ्याच्या. बाप स्वतःलाच हातांनी घट्ट आवळून ताठ बसला आहे, आई पुढे वाकली आहे, आणि दोघांमध्ये अंतर आहे. ते एकमेकांना धरत नाहीत. एकाच घरात दोघं आपापल्या जागी शोक करतात हे तिने अंतर ठेवून सांगितलं. आज ते शिल्प बेल्जियममधल्या व्लाड्स्लो इथल्या दफनभूमीत आहे आणि पीटरची कबर समोरच आहे. विषय काढून घेतला तरी काम उभं राहतं, कधी कधी त्यामुळेच उभं राहतं, हे मी विद्यार्थ्यांना या कामावरून दाखवतो.

स्मारकाचा विचार करताना वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्धाच्या भिंतीला पर्याय नाही. १९८२ साली ती झाली. खुल्या स्पर्धेत १४२१ प्रवेशिका आल्या होत्या आणि निवड झाली माया लिन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीची, म्हणजे तुमच्याच वयाची. काळा ग्रॅनाइट, आरशासारखा घासलेला. हा दगड आपल्या बंगळूरकडून गेला. जमिनीत उतरत जाणाऱ्या दोन भिंती आणि त्यांवर आज ५८,००० हून जास्त नावं. आकृती एकही नाही. वाचणाऱ्याला नावांमागे स्वतःचा चेहरा दिसतो. लोक कागद ठेवून पेन्सिलीने नाव घासून घेतात, बोटं फिरवतात, पायाशी वस्तू ठेवतात.

सगळ्यात विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे ती नावांच्या क्रमाची. वर्णानुक्रम नाही, हुद्द्याप्रमाणे नाही, ज्या दिवशी माणूस पडला त्या तारखेप्रमाणे नावं आहेत. वर्णानुक्रम घेतला असता तर स्मिथ आडनावाचीच शेकडो नावं एकाखाली एक आली असती. तारखेमुळे एकाच दिवशी, एकाच चकमकीत गेलेले शेजारी शेजारी राहिले. परतलेला सैनिक भिंतीपाशी येतो तेव्हा त्याला त्याचा 'तो' दिवस सापडतो आणि त्या दिवशीचे सगळे सोबती एकत्र भेटतात. त्याचं स्वतःचं नाव तिथे नाही, पण त्याची उभं राहायची जागा नेमकी ठरलेली आहे. आपल्या वीरगळात जी चौकट नव्हती ती इथे जमिनीवर आहे, भिंतीसमोर.

त्याच वेळी हेही खरं, की सुरुवातीला अनेक माजी सैनिकांनीच त्या भिंतीला कडाडून विरोध केला. काळा रंग, जमिनीखाली जाणं, झेंडा नाही, जवान नाही, हे त्यांना अपमानासारखं वाटलं. म्हणून १९८४ साली जवळच तीन सैनिकांचा ब्राँझचा पुतळा बसवला गेला. काही कलासमीक्षक याला तडजोड म्हणतात. मला तसं वाटत नाही. ते तिघे जण थकलेल्या नजरेने भिंतीकडे पाहताना दिसतात आणि ज्यांना माणसाची आकृती लागते त्यांना ती मिळते. गावात तुम्हाला कुणी म्हणालं, "नुसती नावं नकोत, जवान उभा दिसला पाहिजे," तर त्याला अडाणी समजू नका. त्याची गरज खरी आहे. जवान दाखवा, पण त्याची नजर बघणाऱ्याकडे न ठेवता नावांकडे ठेवा. लगेच तो पुतळा न राहता परत आलेला सोबती होतो.

थोडक्यात आत्तापर्यंतचं : चेहरा झाकता येतो, काढून टाकता येतो, वळवता येतो. हात, वस्तू, अंतर आणि क्रम यांतून जे बोलतं ते टिकतं.

आता तुमच्या वडिलांकडे येतो. तोफखान्याच्या माणसाचं दुःख पायदळाच्या माणसापेक्षा वेगळ्या वाटेने येतं, हे मी नाशिक रोड आणि देवळालीच्या निवृत्त लोकांशी बोलून शिकलो. कारगिलमध्ये आपल्या तोफखान्याने अडीच लाखांहून जास्त गोळे आणि रॉकेटं डागली. द्रासच्या ५१४० या शिखराला २०२२ साली 'गन हिल' हे नाव मिळालं ते याच कामासाठी. पण तोफेवरचा माणूस शिखर पाहत नसतो. त्याला आकडे मिळतात, तो कोन लावतो, गोळा भरतो, पुन्हा भरतो. गोळे कुठे पडताहेत ते बघून सांगणारा त्याचा निरीक्षक मात्र पायदळाबरोबर वर चढलेला असतो आणि त्याचा आवाज रेडिओवर येत असतो. तो आवाज बंद पडला की तोफेवरच्यांना कळतं. किंवा शत्रूचा उलटा मारा थेट तोफेच्या जागेवर येतो. म्हणजे या माणसांची आठवण पुष्कळदा डोळ्यांत नसून कानांत असते. आणि कान तर अनेकांचे तोफेनेच अधू केलेले असतात. देवळालीच्या रेंजवर सराव सुरू असला की आमच्या भागात खिडक्यांची तावदानं थरथरतात. आपण सवयीने दुर्लक्ष करतो. एखादे निवृत्त सुभेदार साहेब मात्र बोलता बोलता थांबतात आणि कितीची तोफ ते सांगतात. हे तुम्हाला तैलचित्रातल्या अश्रूंत सापडणार नाही.

म्हणून वडिलांना "तेव्हा काय वाटलं?" असं विचारू नका. या प्रश्नाला फौजी माणसाकडे एकच उत्तर असतं : "काही नाही, ड्यूटी होती." वस्तूंबद्दल विचारा. घरात काळी लोखंडी ट्रंक असेलच, पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेली. ती अक्षरं कुणी रंगवली? ५६ एपीओच्या, म्हणजे फौजी टपालाच्या, पत्त्यावर आलेली पत्रं त्यांनी ठेवली का? सोबत्याचं सामान कुणी बांधलं? त्याच्या घरी कोण गेलं, काय घेऊन गेलं, आईने चहा विचारला का? अजून कुणाच्या घरी दिवाळीला जातात का? मी ज्यांच्याशी बोललो त्यांतले बरेच जण भावनेवर अडखळले आणि सामान बांधण्यावर मात्र तासभर बोलले : होल्डॉलला दोर कसा मारला, दाढीचं सामान ठेवायचं की नाही यावर काय बोलणं झालं, खिशात सापडलेली चिठ्ठी कुणी वाचली नाही. एक माणूस दुसऱ्याची ट्रंक भरतोय, हे चित्र आहे. त्यात चेहरा पाठमोरा असला तरी चालेल.

विचारताना वेळ त्यांनाच ठरवू द्या. उठून गेले तर मागे जाऊ नका. रात्रीची झोप उडाली, चिडचिड वाढली असं आईने सांगितलं तर विषय बंद करा आणि डॉक्टरांचा सल्ला घ्या. तुमचं वार्षिक काम त्यांच्या झोपेपेक्षा मोठं नाही. आणि जे सांगतील त्यातलं कुठलं बाहेर दाखवायचं, याची परवानगी वेगळी घ्या.

महाविद्यालयाच्या कामासाठी बंगाली चित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर यांची 'जखमा' ही चित्रमालिका जरूर बघा. दुष्काळ आणि हिंसा पाहिलेला हा माणूस १९७० च्या दशकात या मालिकेपुरती माणसाची आकृतीच सोडून कागदाच्या लगद्यावर आला. मातीच्या पृष्ठभागावर चिरे, भोकं, फाटे पाडायचे, त्याचा साचा घ्यायचा, त्यात लगदा भरायचा. निघतो तो पांढरा कागद आणि त्यावर पांढरीच जखम, कुठे थोडी लालसर. उजेड बाजूने पडला तरच ती दिसते. खर्च फारसा नाही, लगदा तुम्ही घरी करू शकता. तोफेचा आवाज, रेडिओची तुटलेली ओळ, ट्रंकेवरची खरवडलेली अक्षरं यांना हे तंत्र तैलरंगापेक्षा जवळचं आहे असं मला वाटतं. होर यांची नक्कल करू नका, पण कागद स्वतःच जखमी होऊ शकतो हे त्यांच्याकडून घ्या.

गावच्या स्मारकाबद्दल जरा व्यवहाराचं. आपल्याकडचा काळा पाषाण मला प्रिय आहे, वीरगळ त्याचेच आहेत, पण त्यात बारीक छिद्रं असतात आणि लहान अक्षरं कोरताना कडा उडतात. नावांसाठी घट्ट दगड निवडून घ्या, किंवा चौथरा पाषाणाचा आणि नावांची पाटी ग्रॅनाइटची करा. देवनागरीत रफार, उकार आणि जोडाक्षरं पहिल्यांदा बिघडतात, म्हणून अक्षर मोठं ठेवा आणि खोल कोरून घ्या. रंग भरलेली अक्षरं काही पावसाळ्यांत उघडी पडतात. कोरलेलं अक्षर तिरप्या उजेडात वाचता येतं, त्यामुळे पाटीचं तोंड पूर्वेला असेल तर सकाळी ती छान उठते. उत्तरेकडे तोंड केलं तर वर्षातला बराच काळ तिच्यावर ऊनच येणार नाही. नावं हाताला लागतील इतक्या उंचीवर हवीत. पायऱ्या नकोत, येणाऱ्यांचे गुडघे थकलेले आहेत. समोर सावलीत एक साधा दगडी बाक ठेवा. माझ्या मते तुमच्या आराखड्यातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू तो बाक आहे, कारण परत आलेल्या माणसाची जागा तीच.

नावं तारखेप्रमाणे लावा. गावात पवार आणि जाधव पुष्कळ असतील, वर्णानुक्रमात ते एकमेकांत हरवतात. हुद्दा लिहा पण हुद्द्याप्रमाणे वरखाली करू नका. पुढच्या नावांसाठी पाटीवर रिकामी जागा ठेवू नका. ज्यांची मुलं आज सीमेवर आहेत त्या आया रोज ती जागा बघतील. गरज पडलीच तर दुसरी पाटी लावता येते. देणगीदार, सरपंच, आमदार यांची नावं लावायचा आग्रह होईल, तो मोडू नका, पण ती फाटकापाशी वेगळ्या फलकावर घ्या. ग्रामसभेचा ठराव आधी करून घ्या आणि हुद्दा, तुकडी, तारीख हे सगळं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून तपासून घ्या. पदकांचा क्रम आणि टोपीवरचा बिल्ला चुकला तर माजी सैनिकाला दुसरं काहीच दिसत नाही, आणि त्यात त्याचं बरोबर असतं.

तैलचित्र पुसू किंवा रंगवून झाकू नका, ते तसंच ठेवा. आता वहीत कोळशाने ट्रंक, हात, पाठमोरे खांदे एवढंच काढत राहा, रंगाकडे लगेच जाऊ नका. आणि स्मारकाच्या पुढच्या बैठकीला गेलेल्यांच्या घरच्या बायकांना, वीरमातांना आणि वीरपत्नींना, बोलावणं गेलं आहे ना ते स्वतः बघा. पुष्कळ ठिकाणी त्यांना थेट उद्घाटनाला साडी-नारळ देऊन बसवतात. आपल्या माणसाचं नाव कसं लिहायचं, घरचं नाव घालायचं का, वडिलांचं नाव पूर्ण की आद्याक्षर, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद टाइप न करता तसाच कोरणाऱ्या कारागिराच्या हाती द्या.